घर कोणत्या अंगाला? कोल्हापुरातील उपनगर-निवडीच्या प्रश्नाचा आढावा

१. प्रश्नाचे स्वरूप

भाड्याच्या दोन खोल्यांतून किंवा वडिलोपार्जित वाड्याच्या वाटणीतून बाहेर पडून स्वतःचे घर करू पाहणाऱ्या कोल्हापुरातील कुटुंबापुढे आज जो प्रश्न उभा राहतो, तो वरकरणी जागेच्या दराचा भासला, तरी त्याच्या मुळाशी दोन प्रवास असतात: एक मुलाचा शाळेपर्यंतचा आणि दुसरा आईवडिलांचा नोकरीपर्यंतचा. राजारामपुरीतील जुना फ्लॅट घ्यावा की पाचगावात प्लॉट, फुलेवाडीकडे जावे की उजळाईवाडीकडे, या चर्चेत घरातील वडीलधारी मंडळी, नातलग, कचेरीतील सहकारी आणि जागेचे दलाल असे सर्वच जण आपापला अनुभव पणाला लावतात. त्या अनुभवांत परस्परविरोध असला, तरी त्यांतील कोणताही सर्वस्वी निराधार नसतो, हीच या वादाची खरी अडचण होय. अमुक उपनगर उत्तम आणि तमुक टाकाऊ असा निवाडा देण्यापेक्षा हा प्रश्न कोणत्या वाटेने येथवर आला, त्यात कोणते पक्ष आहेत आणि कोणत्या गोष्टी अजून अनिर्णीत आहेत, हे क्रमाने मांडणे अधिक उपयोगाचे ठरेल, या समजुतीने प्रस्तुत आढावा घेतला आहे.

२. पूर्वपीठिका

अंबाबाईच्या देवळाभोवती आणि पंचगंगेच्या काठाने वसलेल्या पेठांचे जुने कोल्हापूर पायी फिरण्याच्या अंतरांचे होते. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, शनिवार पेठ, उत्तरेश्वर पेठ या वस्त्यांत घर, दुकान, तालीम आणि शाळा यांच्यामधील अंतर असे मोजावे लागतच नव्हते. १८९१ मध्ये मिरजेहून रेल्वे आली, १८९५ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी गुळाच्या व्यापारासाठी शाहूपुरी वसविली, आणि पुढे राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत, म्हणजे १९२२ ते १९४० या काळात, लक्ष्मीपुरी व राजारामपुरी या वसाहती आकारास आल्या. त्यांतील राजारामपुरी ही आखीव रस्त्यांची आणि क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्यांची वसाहत शिक्षक, वकील, कारकून आणि लेखक यांना विशेष मानवली, वि. स. खांडेकर यांचे वास्तव्य तेथलेच. पेठेबाहेर राहूनही पेठेतील शाळेशी संबंध न तुटणे हा या पहिल्या पिढीच्या उपनगरांचा मोठा गुण होता.

शिक्षणाच्या बाजूने पाहता कोल्हापूरची परंपरा याहूनही लक्षणीय आहे. राजाराम कॉलेज १८८० मधले. आणि १९१७ मध्ये शाहू महाराजांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे करण्याचा हुकूम काढला, तेव्हा मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंडाची तरतूद त्यात होती. १९०१ मध्ये स्थापन झालेल्या व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून पुढे जैन, मुसलमान, लिंगायत अशा निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे शहरात उभी राहिली आणि खेड्यापाड्यांतील मुले शिक्षणासाठी शहरात येऊन राहू लागली. या व्यवस्थेचे मर्म असे, की शाळा आणि घर यांतील अंतर मिटविण्यासाठी त्या काळी एकटा विद्यार्थी मुक्काम हलवीत असे, कुटुंब गावीच राही. आज मुलासाठी अख्खे बिऱ्हाड हलविण्याची जी तयारी दिसते, तिची मुळे शिक्षणाविषयीच्या त्याच जुन्या आस्थेत आहेत. पालटली आहे ती फक्त रीत.

स्वातंत्र्योत्तर काळात शहराचा तोल आग्नेयेकडे आणि दक्षिणेकडे झुकला. १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले. शिवाजी उद्यमनगरातील यंत्रकामाच्या आणि ओतकामाच्या कारखान्यांना जागा पुरेना, तेव्हा पुणे-बंगळूर महामार्गावर शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथे, आणि त्यानंतर कागल-हातकणंगले येथे, औद्योगिक वसाहती झाल्या. १८५४ पासूनच्या नगरपालिकेची १९७२ मध्ये महानगरपालिका झाली. हद्द मात्र सुमारे ६७ चौरस किलोमीटरांवरच थांबली आणि वस्ती हद्दीपलीकडे वाहत गेली. कळंबा, पाचगाव, मोरेवाडी, आर. के. नगर, उजळाईवाडी, सरनोबतवाडी, उचगाव ही नावे गेल्या तीन-चार दशकांत खेड्यांची न राहता उपनगरांची झाली. दप्तरी मात्र त्यांतील बहुतेकांचा कारभार ग्रामपंचायतींकडेच राहिला.

३. दोन नकाशे

मुंबईत ज्यांनी आयुष्य घालविले, त्यांना उपनगर म्हणताच लोकलगाडी आठवते. तेथे नोकऱ्या मुख्यतः दक्षिणेस एकवटल्या आणि घरे रेल्वेमार्गाच्या कडेने उत्तरेस सरकत गेली. परंतु शाळा घरांच्या मागोमाग गेल्या. पार्ल्यात वस्ती वाढू लागली असतानाच १९२१ मध्ये पार्ले टिळक विद्यालय सुरू झाले, आणि त्यामुळे बाप लांब जाई तरी मूल जवळच शिके. कोल्हापुरात याच्या जवळजवळ उलटे घडले आहे. येथे कारखान्यांतील नोकऱ्या शहराच्या कडेला गेल्या, घरेही कडेला गेली, आणि ज्यांच्या नावाला वजन आहे अशा पुष्कळशा शाळा मध्यभागीच राहिल्या.

भवानी मंडपातील मेन राजाराम, खासबागेजवळचे प्रायव्हेट हायस्कूल, शिवाजी पेठेतील महाराष्ट्र हायस्कूल, तसेच न्यू हायस्कूल, स. म. लोहिया, पद्माराजे या शाळांची परंपरा पेठांशी निगडित आहे. इंग्रजी माध्यमाच्या जुन्या शाळांपैकी सेंट झेवियर्स आणि न्यू पॅलेस परिसरातील छत्रपती शाहू विद्यालय शहराच्या उत्तर भागात आहेत. गेल्या दोन-तीन दशकांत महामार्गालगत आणि उपनगरांतून मोठ्या आवारांच्या निवासी व अनिवासी शाळा निघाल्या, अतिग्रेसारख्या लांबच्या ठिकाणीही निघाल्या. पण त्यांचा आधार शाळेच्या स्वतःच्या बसगाड्यांवर आणि पालकांच्या फी भरण्याच्या ऐपतीवर आहे.

आता नोकऱ्यांचा नकाशा त्यावर ठेवून पाहिला, म्हणजे गुंता ध्यानात येतो. शिरोली ईशान्येस, पंचगंगेच्या पलीकडे, गोकुळ शिरगाव आग्नेयेस, जिल्हाधिकारी कचेरी नागाळा पार्कच्या अंगास, विद्यापीठ सागरमाळाकडे, बँका, दवाखाने आणि बाजार शाहूपुरी, लक्ष्मीपुरी, राजारामपुरी या पट्ट्यात. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सी.पी.आर. रुग्णालयासमोर सुरू झाल्याने वकिलीच्या व्यवसायातील कुटुंबांची भर त्यात पडली आहे. आर. के. नगरात राहणाऱ्या एखाद्या कुटुंबात बाप पहिल्या पाळीसाठी गोकुळ शिरगावकडे निघतो, आई दहाच्या सुमारास नागाळा पार्कातील कचेरीत पोहोचते आणि मुलाची शाळा मंगळवार पेठेत भरते. या तिघांच्या वाटा कोठेच जुळत नाहीत; जुळवायच्या म्हटल्या, तर त्या एखाद्या दुचाकीवर किंवा रिक्षामामाच्या भरवशावर जुळवाव्या लागतात.

शहराच्या पोटातील अडथळेही या हिशेबात धरावे लागतात. रेल्वेमार्ग शाहूपुरी आणि राजारामपुरी यांच्यामधून जातो आणि मध्यवर्ती बसस्थानकाकडून राजारामपुरीत येण्यास बाबूभाई परीख पुलाखालील अरुंद वाट आहे. जोराचा पाऊस झाला, की तेथे पाणी साचते. दुचाकीवाले वळसा घेतात, रिक्षा अडकून पडतात, आणि दप्तरे बाहेर लटकविलेल्या रिक्षेतील मुले शाळेची घंटा होऊन गेल्यावर वर्गात पोहोचतात. नकाशावर अवघे दोन-तीन किलोमीटर दिसणारे अंतर प्रत्यक्षात किती होते, हे अशा एखाद्या जागेवरूनच कळते.

४. चार पक्ष

या परिस्थितीतून जी मते पुढे येतात, त्यांचे स्थूलमानाने चार पक्ष करता येतात.

पहिला पक्ष शाळेला अग्रस्थान देतो. मुलाने पायी किंवा सायकलने जावे, मित्र शेजारचेच असावेत, खेळायला वेळ उरावा, ही त्याची भूमिका. नगररचनाशास्त्रात तिला प्रतिष्ठाही आहे: अमेरिकेतील क्लॅरेन्स पेरी यांनी १९२९ मध्ये मांडलेल्या शेजारवस्तीच्या कल्पनेत प्राथमिक शाळा वस्तीच्या केंद्रस्थानी होती आणि तेथे पोहोचण्यास मुलाला मोठा रस्ता ओलांडावा लागू नये, अशी अपेक्षा होती. आपल्याकडील २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याखालील नियमांनीही पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर ही मर्यादा मानली आहे. जवळची सार्वजनिक शाळा नावारूपाला आली म्हणजे काय होते, याचे उदाहरण कोल्हापुरातच आहे. जरगनगरातील महानगरपालिकेच्या लक्ष्मीबाई कृष्णाजी जरग विद्यामंदिरात गुढीपाडव्याच्या प्रवेशासाठी पालक आदल्या रात्रीपासून रांग लावतात. पालिकेच्या मराठी शाळेसाठी अंथरूण घेऊन फाटकाशी बसलेले पालक पाहिले, की शाळेच्या मालकीपेक्षा आणि माध्यमापेक्षा तिच्यावरील विश्वास निर्णायक ठरतो, असे या पक्षास वाटते आणि त्यात तथ्य आहे. या पक्षावरील आक्षेप असा, की शाळेची कीर्ती बहुधा एखाद्या मुख्याध्यापकाच्या किंवा शिक्षकवर्गाच्या कर्तृत्वावर उभी असते. बदल्या झाल्या, की ती ओसरू शकते, आणि घराचे हप्ते मात्र चालूच राहतात.

दुसरा पक्ष नोकरीला प्राधान्य देतो. शाळा दहा-बारा वर्षांची, नोकरी तीस वर्षांची. महामार्गावरून रोज दुचाकीने जाणे जिवाच्या जोखमीचे. आणि रात्रपाळी करून आलेल्या माणसाला पुन्हा तासभर प्रवास लादणे अन्यायाचे, असे त्याचे म्हणणे. ब्रुनो फ्राय आणि अलॉइस स्टुट्झर या अर्थशास्त्रज्ञांनी जर्मनीतील कुटुंबांच्या अभ्यासावरून असा निष्कर्ष काढला, की लांबच्या प्रवासाने माणसाच्या समाधानात जी घट येते, ती चांगल्या घराने किंवा चांगल्या पगाराने पुरती भरून निघत नाही. हा निष्कर्ष या पक्षास अनुकूल आहे. परंतु घरातील दोघेही कमावते असले आणि दोघांच्या नोकऱ्या दोन टोकांना असल्या, तर कोणाच्या नोकरीजवळ घर घ्यावे, याचे उत्तर या पक्षाजवळ नाही. आणि व्यवहारात ते पुष्कळदा पुरुषाच्या नोकरीच्या बाजूने दिले जाऊन मुलाला शाळेत सोडण्या-आणण्याचे काम स्त्रीच्या वाट्याला येते, ही वस्तुस्थिती नाकारता येत नाही.

तिसरा पक्ष जागेचा. वृद्ध आईवडील, दोन मुले, एखादी गाडी आणि अंगणात चार झाडे एवढ्यांना पुरेल अशी जागा मध्यवस्तीत परवडत नाही, म्हणून पाचगाव, कळंबा किंवा वडणगे गाठावे आणि प्रवास पत्करावा, असे तो म्हणतो. त्याचे अर्थकारण सरळ आहे, पण खातरजमेची बाब त्यात अधिक. जमीन बिनशेती झालेली आहे काय, गुंठेवारीतील तुकडा नियमित झाला आहे काय, सातबारावरील नोंद आणि प्रत्यक्ष वहिवाट यांत तफावत नाही ना, उन्हाळ्यात पाणी टँकरचे की नळाचे, या चौकशा शाळेच्या चौकशीआधी कराव्या लागतात. पाचगावच्या बाजूला पाणीटंचाईची तक्रार जुनी आहे, आणि मुलाला वेळेवर शाळेत पोहोचविण्यापूर्वी टँकरची वाट पाहण्याची पाळी आली, तर स्वस्त जागेचा लाभ त्या प्रमाणात उणा होतो.

चौथा पक्ष पेठ न सोडणाऱ्यांचा. शाळा, देऊळ, बाजार, डॉक्टर आणि आजीआजोबा पायी अंतरावर असताना बाहेर जाण्याचे प्रयोजन काय, असे हे लोक विचारतात. तालमी, पेठांच्या संघांचा फुटबॉल आणि गल्लीतील ओळख यांतून मुलावर आपोआप नजर राहते, या त्यांच्या विधानाची किंमत उपनगरात एकट्याने मूल वाढविणाऱ्या जोडप्याला पटकन पटते. मात्र वाटण्यांनी आकसलेल्या खोल्या, गाडी लावण्यास जागा नसणे, सामायिक मालकीचे न सुटणारे दावे आणि सणावाराला होणारा पर्यटकांचा लोंढा या अडचणी खऱ्या आहेत, आणि पुढच्या पिढीला तेथे स्वतंत्र संसार थाटणे दिवसेंदिवस कठीण होत आहे.

५. पूर आणि हद्द

हे चारही पक्ष दोन स्थानिक बाबींपुढे अडखळतात. पहिली पुराची. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ३९ फुटांवर गेली, की इशारा आणि ४३ फुटांवर धोका मानला जातो. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही पुरांत ती ५५ फुटांच्या वर गेली. दुधाळी, शाहूपुरीतील कुंभार गल्ली, रमणमळा, नागाळा पार्कचा काही भाग यांत पाणी शिरले आणि शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला. याचा अर्थ असा, की शाळा आणि कचेरी यांच्या दृष्टीने सोयीचे मानले गेलेले काही भाग पूररेषेच्या विचाराने गैरसोयीचे ठरतात, आणि नदीपलीकडील नोकरी करणाऱ्यास घर कितीही कोरडे असले, तरी कामावर जाता येत नाही. दक्षिणेकडील चढावरच्या वस्त्यांना २०१९ नंतर जी मागणी आली, तिचा उलगडा बऱ्याच अंशी येथेच होतो.

दुसरी बाब हद्दवाढीची. लगतची गावे शहरात घ्यावीत, ही मागणी अनेक दशकांची; तिला त्या गावांचा विरोधही तितकाच जुना. हद्दवाढीचे समर्थक म्हणतात, की उपनगरातील लोक शहराचे रस्ते, बस, दवाखाने आणि शाळा वापरतात, तेव्हा कराचा भार त्यांनीही उचलावा आणि एकत्र नियोजनाविना ड्रेनेज, रस्ते व शाळांच्या आरक्षित जागा यांची घडी बसणार नाही. विरोधकांचे म्हणणे असे, की महापालिकेला आहे त्या हद्दीतच पुरेशा सोयी देता येत नाहीत. घरपट्टी वाढेल, शेतजमिनींवर आरक्षणे पडतील आणि ग्रामपंचायतीच्या दारात होणारे काम शहराच्या कचेरीत खेटे घालूनही होणार नाही. २०१७ मध्ये शासनाने करवीर आणि हातकणंगले तालुक्यांतील ४२ गावांसाठी नागरी विकास प्राधिकरण स्थापून मधला मार्ग काढला. त्याविषयी दोन्ही बाजू आजही समाधानी नाहीत. कुटुंबाच्या दृष्टीने याचा परिणाम असा, की रस्त्याच्या एका बाजूस महापालिकेची शाळा आणि दुसऱ्या बाजूस जिल्हा परिषदेची, एका बाजूस नळ आणि दुसऱ्या बाजूस टँकर, असा भेद केवळ हद्दीच्या रेघेमुळे पडू शकतो.

६. अभ्यासक काय सांगतात

परदेशांत या प्रश्नाचा विचार पद्धतशीरपणे झाला आहे. १९५६ मध्ये चार्ल्स टीबू यांनी असे मांडले, की नागरिक ज्या गावाच्या सोयी व कर आपल्याला मानवतात त्या गावी राहायला जातात आणि अशा रीतीने आपली पसंती पायांनी नोंदवितात. १९९९ मध्ये सँड्रा ब्लॅक यांनी बॉस्टनच्या उपनगरांत एकाच रस्त्याच्या दोन बाजूंची, पण दोन निरनिराळ्या शाळांच्या हद्दींतील घरे तुलनेस घेऊन, चांगल्या शाळेसाठी पालक घराची जादा किंमत मोजतात, हे दाखविले. तथापि हे निष्कर्ष कोल्हापुरास जसेच्या तसे लावता येत नाहीत; कारण तेथे घराच्या पत्त्यावरून सरकारी शाळा ठरते, येथे पालक शहराच्या कोणत्याही टोकाची शाळा गाठू शकतात. पत्त्याचे महत्त्व येथे मुख्यतः एका ठिकाणी दिसते: खाजगी शाळांतील दुर्बल घटकांसाठीच्या पंचवीस टक्के राखीव जागांत अंतर पाहिले जाते. सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असल्यास खाजगी शाळांना त्यातून सूट देणारा राज्याचा २०२४ मधील बदल मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी रद्द ठरविला.

जेम्स कोलमन यांच्या १९६६ च्या अहवालाने आणखी मूलभूत शंका उपस्थित केली होती: मुलाच्या प्रगतीवर शाळेच्या साधनसामग्रीपेक्षा घरच्या परिस्थितीचा प्रभाव अधिक असतो. पुढील संशोधकांनी शिक्षकाच्या गुणवत्तेला त्याहून बरेच अधिक वजन दिले, आणि वाद मिटलेला नाही. पण एवढे त्यातून निघते, की शाळेसाठी लांबचा प्रवास पत्करताना घरच्या वाचनाचा, झोपेचा आणि गप्पांचा जो वेळ कमी होतो, तोही शिक्षणाच्याच खात्यावर खर्ची घातला पाहिजे.

७. अनिर्णीत बाबी

पहिला अनिर्णीत प्रश्न शाळा चांगली कशावरून म्हणावयाची, हा. दहावीचा निकाल, शिष्यवृत्तीधारकांची यादी, इंग्रजी माध्यम, सेमी-इंग्रजी, मैदान, शिस्त यांपैकी काय मोजावे, यावर एकमत नाही. आणि निकाल उत्तम असणाऱ्या शाळेत मुळातच निवडक मुले येत असतील, तर शाळेने त्यात किती भर घातली, हे निकालावरून कळत नाही.

दुसरा वेळेचा. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा आदेश राज्य शासनाने २०२४ मध्ये काढला. मुलांच्या झोपेच्या दृष्टीने त्याचे स्वागत झाले. परंतु सातच्या पाळीला जाणाऱ्या बापाला मुलाला वाटेत सोडून जाण्याची सोय त्यामुळे राहत नाही, आणि शाळा व कचेऱ्या यांची गर्दी एकाच वेळी रस्त्यावर येते. कोणाच्या सोयीने घड्याळ लावावे, हा प्रश्न त्यामुळे खुलाच आहे.

तिसरा सार्वजनिक वाहतुकीचा. के.एम.टी.च्या बसफेऱ्या उपनगरांत भरवशाच्या झाल्या, तर मोठी मुले स्वतंत्रपणे प्रवास करू लागतील आणि घर कोठे घ्यावे याचे निम्मे ओझे हलके होईल, असे एक मत. तर दुचाकी दारात आल्यावर बसकडे कोणी वळत नाही आणि तोट्यातील फेऱ्या पालिकेने किती सोसाव्यात, असे दुसरे. बस नाही म्हणून प्रवासी नाहीत की प्रवासी नाहीत म्हणून बस नाही, हे प्रत्यक्ष फेऱ्या वाढवून काही काळ टिकविल्याशिवाय ठरणार नाही.

चौथा माहितीचा. २०११ च्या जनगणनेत शेती व घरगुती उद्योगाबाहेरील कामकऱ्यांना कामाचे ठिकाण किती अंतरावर आणि ते कशाने जातात, हे विचारले गेले. शाळेच्या मुलांच्या प्रवासाची तशी नोंद त्यात नाही. मोठ्यांच्या वेळेचा हिशेब निदान एकदा मांडला गेला, मुलांच्या वेळेचा मात्र अंदाजावरच चालतो.

शेवटचा आणि बहुधा सर्वांत अवघड प्रश्न काळाचा आहे. चौथीपर्यंत मुलाला हाताला धरून न्यावे लागते. पाचवी ते दहावी ते रिक्षाने, सायकलने जाऊ शकते. अकरावीला शहराचा नकाशाच बदलतो, कारण प्रवेश गुणांवर ठरतो आणि राजारामपुरीच्या मुलीला ताराबाई पार्कातील विवेकानंद महाविद्यालय, तर बावड्याच्या मुलाला विद्यानगरातील राजाराम कॉलेज मिळू शकते. घर मात्र एकदा घेतले, की वीस वर्षांच्या कर्जाने बांधून टाकते. मुलाच्या पहिलीकडे पाहून घेतलेले घर त्याच्या अकरावीला गैरसोयीचे निघणे यात निवड चुकली असे म्हणता येत नाही. एका स्थिर वस्तूने तीन बदलत्या गरजा भागवाव्यात, ही अपेक्षाच अवाजवी आहे. म्हणून काही कुटुंबे प्राथमिक शिक्षणापुरते शाळेजवळ भाड्याने राहून घर उशिरा घेण्याचा मार्ग पत्करतात. जागेचे दर त्या अवधीत वाढतील, ही भीती त्यास आड येते, आणि ती भीती रास्त असल्याने हा मार्ग सर्वांस सांगता येत नाही.

एवढे मात्र या आढाव्यातून म्हणता येईल, की चारही पक्षांचा वाद वस्तुतः कुटुंबातील कोणाचा वेळ खर्ची पडावा याविषयीचा आहे, आणि तो उघडपणे मांडला, तर निवड सोपी नव्हे पण प्रामाणिक होते. जोवर प्रत्येक कुटुंब आपली अडचण आपल्या दुचाकीने सोडवीत आहे, तोवर उपनगरातील पालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेवर दबाव येत नाही आणि मध्यवस्तीतील शाळांच्या दारातली गर्दी हटत नाही. जरगनगरसारखी शाळा पाचगावात, उचगावात किंवा फुलेवाडीत उभी राहू शकते काय, आणि ती कोणाच्या अंमलाखाली उभी राहावी, या प्रश्नाचे उत्तर हद्दवाढीच्या वादाशी गुंतलेले आहे. तो वाद सुटेपर्यंत घराची दिशा ठरविण्याचे काम प्रत्येक कुटुंबाला आपल्यापुरते, आणि अपुऱ्या माहितीवर, करावे लागणार आहे.